पिसाचा मनोरा आणि बोलोन्याचा मनोरा

पिसा येथील कलत्या मनोऱ्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या क्रमिक पुस्तकात वाचलेली असते. तरुण गॅलिलिओ मनोऱ्यावर चढला, त्याने एक जड व एक हलका असे दोन गोळे एकाच क्षणी सोडले, ते एकाच क्षणी जमिनीवर आदळले, आणि खाली जमलेल्या प्राध्यापकांचा व धर्मगुरूंचा दोन हजार वर्षांचा भ्रम तेथल्या तेथे नाहीसा झाला. ही गोष्ट आपण व्यासपीठावरूनही सांगतो. कधी सत्याच्या विजयाचे उदाहरण म्हणून, तर कधी मंडळीच्या गतकाळातील चुकांची प्रांजळ कबुली म्हणून. हेतू चांगलाच असतो.

प्रस्तुत लेखकाने ती एका युवक-शिबिरात सांगितली असता एक मुलगा उठला. त्याने वहीचे एक पान फाडले, दुसऱ्या हातात आपली चप्पल घेतली, आणि बाकावर उभे राहून दोन्ही वस्तू एकदम सोडल्या. चप्पल आधी पडली; कागद हेलकावे खात मागाहून आला. “मग ॲरिस्टॉटलचे चुकले काय?” असे त्याने विचारले. हवेचा अडथळा वगैरे दोन शब्द बोलून वेळ मारून नेली खरी, परंतु उत्तर नीट जमले नाही, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना दोघांनाही कळले होते. पुढील मजकूर त्या मुलाला देणे असलेले उत्तर आहे. त्यात धर्मगुरूंची, बिशपांची व ईश्वरविज्ञानाच्या पंडितांची नावे वारंवार यावीत, ही गोष्ट लेखकाच्याही अपेक्षेबाहेरची होती.

प्रथम ॲरिस्टॉटलविषयी (ख्रिस्तपूर्व ३८४–३२२). त्याच्या मते जड पदार्थाला खाली जाण्याची स्वाभाविक ओढ असते आणि पदार्थ जितका जड तितका त्याचा वेग अधिक. शिवाय ज्या माध्यमातून पदार्थ पडतो ते जितके दाट तितका वेग कमी. दगड पाण्यात सावकाश बुडतो व हवेत झपाट्याने पडतो, हे आपण रोज पाहतो. येथवर त्याचे म्हणणे चप्पल आणि कागद पाहणाऱ्या कोणालाही पटण्याजोगे आहे. परंतु तो एवढ्यावर थांबला नाही. जेथे कोणतेही माध्यम नाही अशी निव्वळ पोकळी असती तर काय झाले असते, असा प्रश्न त्याने आपल्या ‘भौतिकी’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात उपस्थित केला. जड पदार्थ वेगाने पडतो तो माध्यमाला अधिक जोराने भेदतो म्हणून. भेदण्यास काही उरलेच नाही, तर जड आणि हलके यांत भेद कशाने पडणार? सर्व पदार्थ सारख्याच वेगाने पडतील. आणि हे तर अशक्य आहे, सबब पोकळी अस्तित्वात असू शकत नाही, असा त्याने निष्कर्ष काढला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या विधानाचे श्रेय आपण गॅलिलिओला देतो ते विधान ॲरिस्टॉटलच्याच ग्रंथात आहे. त्याने ते अशक्यतेचा नमुना म्हणून मांडले, एवढेच.

हेच विधान सत्य म्हणून मांडणारेही त्या काळी होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात अथेन्स येथे पौलाशी वाद घालणारे जे एपिकूरपंथी आपल्याला भेटतात, त्यांच्या मते विश्व म्हणजे अणू आणि पोकळी. पोकळीत सर्व अणू सारख्याच वेगाने जातात असे त्यांचे मत होते, आणि ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात लुक्रेशिअस या लॅटिन कवीने ते स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले: पाणी आणि हवा जड वस्तूंपुढे लवकर वाट सोडतात म्हणून फरक दिसतो, रिकाम्या जागेत तो राहणार नाही. परंतु हेच लोक जग अणूंच्या योगायोगाने घडले आणि देवांना मनुष्याची फिकीर नाही असेही शिकवीत. मंडळीच्या आद्य पंडितांनी त्यांचे सगळेच तत्त्वज्ञान दूर सारले, आणि त्या गाठोड्यातील एक खरे वाक्यही त्याबरोबर गेले. अर्थात हेही खरे की ते वाक्य तपासून पाहण्याची तसदी एपिकूरपंथीयांनी स्वतःही घेतली नव्हती.

तपासून पाहणारा पहिला मोठा पंडित ख्रिस्ती होता. सहाव्या शतकात आलेक्सांद्रियामध्ये योहान नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याला फिलोपोनस, म्हणजे ‘श्रमप्रिय’, हे उपनाव होते. त्याचा गुरू अमोनिअस हा ख्रिस्ती नव्हता. त्या विद्यापीठात ॲरिस्टॉटलचे ग्रंथ गुरुमुखातून समजून घ्यावयाचे आणि त्यांवर भाष्य लिहावयाचे, अशी रीत होती. फिलोपोनसने ‘भौतिकी’वरील आपले भाष्य इ. स. ५१७ मध्ये लिहिले व त्यात रीत मोडली. ॲरिस्टॉटलचे मत अनुभवाला धरून नाही, असे त्याने सरळ लिहिले. एकापेक्षा कितीतरी पट जड असलेली दुसरी वस्तू घेऊन दोन्ही सारख्याच उंचीवरून सोडा. पडण्यास लागणारा वेळ वजनांच्या प्रमाणात कमीजास्त होत नाही, फरक अगदी थोडा असतो, असा त्याचा आशय आहे. गॅलिलिओच्या जन्माआधी हजारांहून अधिक वर्षे हे लिहिले गेले आहे.

फिलोपोनसला हे धैर्य कोठून आले, याचे उत्तर त्याच्या दुसऱ्या ग्रंथात सापडते. ५२९ मध्ये त्याने प्रोक्लस या तत्त्वज्ञाच्या विरुद्ध, जग अनादी नसून निर्मिलेले आहे हे सिद्ध करणारा ग्रंथ लिहिला. ॲरिस्टॉटलच्या अनुयायांना आकाशातील गोल दिव्य व अविनाशी वाटत, आणि पृथ्वीवरील पदार्थांचे नियम त्यांना लागू नाहीत असे ते मानीत. फिलोपोनसच्या दृष्टीने आकाश आणि पृथ्वी दोन्ही निर्मितीच. तेव्हा एकीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा, असे असण्याचे कारण नव्हते. उत्पत्तीच्या पहिल्या वचनाने त्याला ॲरिस्टॉटलच्या धाकातून मोकळे केले असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. तरीही त्याला सर्व काही उमगले होते असे नाही. पोकळीतसुद्धा जड पदार्थ अधिक वेगानेच पडेल, माध्यम त्या वेगातून थोडा वजा करते एवढेच, असे त्याचे मत होते. निरीक्षण बरोबर, उपपत्ती चूक.

पुढे त्याने त्रैक्याविषयी जे प्रतिपादन केले त्यावरून तो तीन देव मानतो असा आरोप त्याच्यावर आला, आणि ६८०–८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मसभेने, त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, त्याला पाखंडी ठरविले. त्याच्या भौतिकीविषयक युक्तिवादांची खरी दखल घेतली ती अरबी भाषेत लिहिणाऱ्या पंडितांनी. मूळ ग्रीक भाष्य १५३५ मध्ये व्हेनिस येथे छापून निघाले, तेव्हा कोठे पश्चिमेकडील विद्वानांना ते सहज हाती आले. गॅलिलिओच्या तरुणपणीच्या टिपणांत फिलोपोनसचे नाव आढळते.

मधल्या काळातील एक घटना ख्रिस्ती लेखक अभिमानाने सांगतात, म्हणून तिचा विचार करू. ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचा बिशप एतिएन तांपिए याने विद्यापीठात शिकविली जाणारी २१९ मते निषिद्ध ठरविली. त्यांपैकी एक असे होते की, देव आकाशाला सरळ रेषेत हलवू शकत नाही, कारण तसे केल्यास मागे पोकळी राहील. देवाच्या सामर्थ्याला ॲरिस्टॉटलच्या तर्काने कुंपण घालता येणार नाही, हा बिशपचा मुद्दा. विसाव्या शतकाच्या आरंभी पिएर द्यूहेम या फ्रेंच कॅथॉलिक पदार्थविज्ञानवेत्त्याने, आधुनिक विज्ञानाचा जन्म त्या दिवशी झाला, असे प्रतिपादन केले. प्रस्तुत लेखकाला हा दावा मान्य नाही. बिशपला पदार्थांच्या पतनाशी काही कर्तव्य नव्हते. त्याला प्राध्यापकांना लगाम घालावयाचा होता, आणि त्या यादीच्या तडाख्यात संत थॉमस अक्वायनसची काही मतेही सापडली. थॉमसपुरता तो निषेध १३२५ मध्ये मागे घ्यावा लागला. परंतु एक परिणाम निश्चित झाला. ‘देवाने पोकळी निर्माण केली तर तीत काय घडेल?’ हा प्रश्न वादसभांत उघडपणे विचारता येऊ लागला. जे अशक्य म्हणून मिटविले गेले होते ते आता निदान कल्पनेपुरते खुले झाले.

या प्रश्नावर १३२८ मध्ये ऑक्सफर्डच्या थॉमस ब्रॅडवर्डीनने लिहिले की, एकाच द्रव्याचे लहानमोठे पदार्थ पोकळीत सारख्याच वेगाने पडतील. हाच ब्रॅडवर्डीन १३४९ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि काही आठवड्यांतच प्लेगने मरण पावला. सोळाव्या शतकाच्या मध्यास दोमिंगो दे सोतो या स्पॅनिश डोमिनिकन पंडिताने, पडणाऱ्या वस्तूचा वेग काळाबरोबर एकसारखा वाढत जातो, असे लिहून ठेवले. ट्रेंटच्या धर्मसभेच्या इतिहासात ज्याचे नाव येते तोच हा सोतो. दोघांनीही गोळा हातात घेतला नाही.

तो घेतला हॉलंडमध्ये. सिमॉन स्टेव्हिन या अभियंत्याने आणि त्याचा मित्र यान कोर्नेट्स दे ग्रूट याने, एकापेक्षा दुसरा दहापट जड असे शिशाचे दोन गोळे सुमारे तीस फुटांवरून एका फळीवर सोडले. दोन्ही आघातांचा आवाज एकच वाटला. स्टेव्हिनने हे १५८६ मध्ये छापून प्रसिद्ध केले. गॅलिलिओ तेव्हा पिसात प्राध्यापकही झालेला नव्हता. ‘ख्रिस्ती धर्माची सत्यता’ हा ग्रंथ लिहिणारा ह्यूगो ग्रोटियस आपल्या वाचकांना परिचित आहे. दे ग्रूट हा त्याचा पिता.

आता पिसाकडे येऊ. गॅलिलिओ तेथे १५८९ ते १५९२ पर्यंत शिकवीत होता. मनोऱ्याची कथा लिहिली ती त्याचा शिष्य विव्हियानी याने, गुरूच्या मृत्यूनंतर, १६५४ मध्ये. ती छापली गेली १७१७ मध्ये. गॅलिलिओने स्वतः असा जाहीर प्रयोग केल्याचे कोठेही लिहिलेले नाही. उलट पिसातील त्याच्या अप्रकाशित टिपणांत त्याचे मत निराळेच होते: वेग वजनावर नव्हे, पण पदार्थाच्या घनतेवर अवलंबून असतो, म्हणजे शिसे आणि लाकूड पोकळीतही सारखे पडणार नाहीत. योग्य मतापर्यंत पोहोचण्यास त्याला पुढे बरीच वर्षे लागली. उभे पतन डोळ्यांनी मोजता येत नाही इतके झपाट्याने होते, म्हणून त्याने ते मंद करण्याची युक्ती काढली: लांब तुळईत गुळगुळीत पन्हळ कोरून तिला थोडा उतार दिला, काशाचा गोळा तीवरून घरंगळू दिला, आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याचे वजन करून वेळ मोजली. समान कालखंडांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात येतात, हा त्याचा नियम. १६०४ मध्ये त्याने तो पत्राने ज्याला कळविला तो पाओलो सार्पी हाही धर्मसंघातील साधूच होता.

१६३३ मध्ये रोम येथे त्याच्यावर खटला होऊन शिक्षा झाली. ती पृथ्वीच्या भ्रमणाविषयी होती, पतनाविषयी नव्हती. दोन्हींची सरमिसळ आपण करू नये, आणि त्या शिक्षेचे समर्थनही करू नये. शिक्षेनंतर सुमारे पाच महिने तो सिएना येथे आर्चबिशप आस्कानिओ पिकोलोमिनी याच्या घरी राहिला. खचलेल्या त्या वृद्धाला आर्चबिशपने सन्मानाने वागविले, आणि गतीविषयीच्या ग्रंथाचे काम त्याने पुन्हा हाती घेतले ते तेथेच. तो ग्रंथ १६३८ मध्ये लायडन येथे छापला गेला.

त्यात दोन दगडांची कोटी आहे. मोठा दगड वेगाने पडतो व लहान सावकाश असे क्षणभर मानू. दोन्ही एकत्र बांधले तर लहान दगड मोठ्याला मागे ओढील, म्हणून जोडीचा वेग मोठ्या दगडाहून कमी होईल. परंतु जोडीचे वजन मोठ्या दगडाहून अधिक, म्हणून वेगही अधिक झाला पाहिजे. एकाच वेळी कमी आणि अधिक! तेव्हा मूळ गृहीतच चूक. मात्र गॅलिलिओ केवळ कोटीवर विसंबला नाही. शंभर हात उंचीवरून सोडलेले गोळे तंतोतंत एकदम पडत नाहीत, जड गोळा दोन बोटे पुढे असतो, हे त्याने त्याच ग्रंथात मान्य केले. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने तो नव्याण्णव हात पुढे असावयास हवा. माझी दोन बोटे दाखवून त्याचे नव्याण्णव हात झाकू नका, असा त्याचा रोख आहे. पाऱ्यात, पाण्यात, हवेत, असे माध्यम जसजसे विरळ होते तसतसा निरनिराळ्या पदार्थांच्या वेगांतील फरक आटत जातो; तेव्हा माध्यम मुळीच नसेल तेथे फरकही उरणार नाही, असे त्याने अनुमान केले. कोणी न पाहिलेल्या पोकळीविषयीचे हे अनुमान होते. ज्याला ॲरिस्टॉटलने ‘अशक्य’ म्हटले होते तेच.

हे सारे तपासण्यासाठी जो पुढे आला तो गॅलिलिओचा चाहता नव्हता. जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चिओली (१५९८–१६७१) हा बोलोन्याचा येशूसंघीय धर्मगुरू कोपर्निकसच्या मताचा विरोधक होता. पतनाविषयीचे गॅलिलिओचे आकडे त्याला संशयास्पद वाटले, आणि ते खोडून काढता येतील अशी त्याची अपेक्षा होती. प्रथम त्याने वेळ मोजण्याचे साधन तयार केले. लंबकाचा एक झोका बरोबर एक सेकंदाचा आहे की नाही हे ठरविण्यासाठी १६४२ च्या एप्रिलमध्ये नऊ येशूसंघीयांनी एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत अखंड चोवीस तास झोके मोजले! ते सत्त्याऐंशी हजारांहून अधिक भरले. हवे होते ८६,४००. एवढ्यानेही रिच्चिओलीचे समाधान झाले नाही. त्या रात्री पाळीपाळीने जागलेल्या त्या बंधूंची नावे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाहीत.

मग तो आणि त्याचा सहकारी फ्रान्चेस्को मारिया ग्रिमाल्दी बोलोन्यातील आसिनेल्ली मनोऱ्याकडे वळले. हा मनोरा सुमारे ९७ मीटर उंच असून आजही उभा आहे. सेकंदाचा सहावा भाग दाखविणाऱ्या लहान लंबकाने ते वेळ मोजीत. ५, १०, १५, २०, २५ झोक्यांत गोळा अनुक्रमे १०, ४०, ९०, १६०, २५० रोमन फूट पडतो असे त्यांना आढळले. वाचकांनी वजाबाकी करून पाहावी: १०, ३०, ५०, ७०, ९०. विषम संख्यांचाच क्रम! ज्याला खोटे पाडावयाचे त्याचेच म्हणणे खरे निघाले. रिच्चिओली आणि ग्रिमाल्दी हे वर्तमान घेऊन त्याच गावात शिकविणाऱ्या काव्हालिएरी या गॅलिलिओच्या शिष्याकडे स्वतः गेले. रिच्चिओलीने १६५१ च्या आपल्या ग्रंथात हे सारे सविस्तर छापले. ज्या ग्रंथात त्याने कोपर्निकसविरुद्ध युक्तिवाद मांडले आहेत, त्याच ग्रंथात.

वजनाचा प्रयोगही त्याने केला. सारख्याच आकाराचे दोन गोळे, एक पोकळ व दुसरा भरीव, म्हणून दुप्पट जड, मनोऱ्यावरून एकदम सोडले. जड गोळा जमिनीवर आदळला तेव्हा हलका अजून सुमारे पंधरा फूट वर होता. म्हणजे खऱ्या मनोऱ्यावर, खऱ्या हवेत, काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात गोळे एकदम पडत नाहीत. आमच्या शिबिरातील मुलाची चप्पल बरोबर होती. हवेचा विरोध दोन्ही गोळ्यांना सारखा होतो, परंतु त्या विरोधावर मात करण्यास हलक्या गोळ्यापाशी वजन कमी असते. म्हणून तो मागे पडतो. तोच कागद चुरगळून त्याची घट्ट गोळी केली असती तर तो चपलेच्या पाठोपाठ पडला असता, वजन तिळमात्र न बदलता.

उरला प्रश्न हवा काढून टाकण्याचा. तो सुटला रॉबर्ट बॉईलच्या वातपंपाने. काचेच्या भांड्यातील हवा उपसून टाकणाऱ्या या यंत्राचे प्रयोग त्याने १६६० मध्ये प्रसिद्ध केले. आयरिश व मलाय भाषांत पवित्र शास्त्र छापण्यासाठी ज्याने आपला पैसा वेचला तोच हा बॉईल. पुढे १७१३ मध्ये न्यूटनने आपल्या महान ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीस एक समारोपाचे टिपण जोडले. देवाच्या सर्वसत्तेविषयी न्यूटनचे विचार त्यात आहेत म्हणून ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी ते वाचतात. परंतु त्याच टिपणाच्या आरंभी बॉईलच्या पोकळीचा उल्लेख आहे, आणि तीत बारीक पीस व भरीव सोने सारख्याच वेगाने पडतात असे म्हटले आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

असे का व्हावे, याचे न्यूटनचे स्पष्टीकरण थोडक्यात असे. दहापट जड वस्तूला पृथ्वी दहापट जोराने ओढते हे खरे. पण तिला हलविणेही दहापट अवघड असते. दोन्ही बाजू सारख्याच वाढतात, म्हणून त्वरण तेच राहते. सोने, रुपे, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू अशा नऊ पदार्थांचे लंबक करून त्याने हे हजारात एक भागापर्यंत पडताळून पाहिले. ओढ आणि जडत्व यांचे प्रमाण इतके अचूक का जुळावे, हे कोडे त्याने सोडविले नाही. आइन्स्टाइनने १९०७ पासून त्यावर विचार केला आणि १९१५ मधील त्याचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त त्या विचारातून उभा राहिला. तपासणी मात्र थांबलेली नाही. २०१६ मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप नावाच्या फ्रेंच उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनम यांचे दंडगोल पृथ्वीभोवती ‘पडत’ ठेवण्यात आले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षानुसार, एकावर पंधरा शून्ये एवढ्या भागांत सुमारे एका भागाच्या अचूकतेपर्यंत त्यांच्या पतनात फरक आढळला नाही.

२ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेचा प्रमुख डेव्हिड स्कॉट चंद्रावर कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. त्याच्या एका हातात १.३२ किलोग्रॅमची हातोडी आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे ३० ग्रॅमचे पीस होते. गॅलिलिओचे नाव घेऊन त्याने दोन्ही सोडली. चंद्रावर हवा नाही आणि ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढी, त्यामुळे ती सावकाश खाली आली आणि एकदम जमिनीला लागली. हे जेथे घडले ती जागा नकाशात ‘पर्जन्यसागर’ या अर्थाचे लॅटिन नाव असलेल्या एका विस्तीर्ण मैदानाच्या काठावर आहे. चंद्राचा नकाशा काढताना ते नाव, आणि एका ठळक विवराला कोपर्निकसचे नाव, रिच्चिओलीने १६५१ मध्ये दिले होते.